आठमाही

ऑटलीच्या टेकडीखालचा सतरा नंबरचा तुकडा
मला मिळाला सप्टेंबरात, सहा वर्षं रांगेत थांबून.
नर्सरीतून पहिली कुंडी आणली, पिओनीची,
पट्टीवर छापलेलं: पेरेनियल.
कोशात पाहिलं. बारमाही.

हा शब्द माझ्या घरातला.
बाबा कालव्यावर होते,
सायकलच्या दांडीला पाळीपत्रक बांधून फिरायचे.
बारमाही म्हणजे मे महिन्यातही चारीला पाणी,
म्हणजे ऊस, म्हणजे भांडणं,
म्हणजे रात्री दोनला दारावर थाप,
साहेब, आमची चारी फोडली.
बारमाही म्हणजे कधीही जा, असतंच.

नोव्हेंबरात पानं काळी पडली.
डिसेंबरात देठ हातात आला.
जानेवारीत पट्टी तेवढी उरली,
आणि बोट शिरणार नाही अशी माती.
मी पावती शोधली.
काउंटरवरची बाई म्हणाली, झोपलीय ती, लव्ह,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

शेजारच्या तुकड्यातल्या विल्फ सग्डेनने
फावडं रोवून सगळं ऐकून घेतलं.
मरतं की, म्हणाला,
फक्त मेल्याचं मनावर घेत नाही.
मग खोकला. हाही पेरेनियल,
डोरीन म्हणायची.
आणि कौन्सिलचं ते नळाचं आश्वासन.
त्याच्या तोंडी हा शब्द
बहुधा तक्रारीचं बोट धरून यायचा,
फुलांसोबत क्वचित.

परमनंट वेगळा. तो आम्ही मराठीतच शिकलो.
बाबा परमनंट झाले तेव्हा कॉलनीत पेढे वाटले;
अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-नारळ देऊन
परमनंट संपलं.
माझ्या पाकिटातल्या कार्डावरही लिहिलंय,
इथे राहण्याची परवानगी, बेमुदत.
खाली कार्डाची मुदत.

रविवारी फोनवर बाबांना पिओनीचं सांगितलं.
ते आकडेमोड केल्यासारखे गप्प.
चार महिने बंद? मग बारमाही कसलं,
आठमाही ते. कागदावर काही का लिहीनात.
आणि कालवा कोरडा दिसला
की लोक धरण आटलं म्हणतात, म्हणाले,
चाळीस वर्षं हेच समजावत फिरलो.
मग, तू कधी येतेस?
तीन वर्षांतून एकदा जे येतं
त्यालाही खात्यात एखादा शब्द असणार.
मी विचारला नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
पट्टीपासून वीतभर लांब, भलतीकडेच,
बीटाच्या रंगाचं एक पेर वर आलं.
घरी जाऊन कोश काढला,
बारमाहीच्या शेजारी पेन्सिलीने आठमाही लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह.
संध्याकाळी परत गेले तर कुंपणापलीकडून विल्फ ओरडला,
अगं, बघत काय बसलीस,
गोगलगायी येतील, अंड्याची टरफलं टाक!