किती जळतं महिन्याला

पडद्यावरचा माणूस भला होता.
पाठीमागं पुस्तकांचं कपाट, कपाटात एक खोटं झाड.
म्हणाला, किती जळतं महिन्याला?
मला आधी कळलंच नाही.
म्हणाले, जळालं नाही अजून काही,
मे महिन्यात एक इन्व्हर्टर, तेवढंच.
टेबलाखालून तू पाय मारलास, मन्मथ.

लातूरच्या आडत बाजारात, बियाण्याच्या दुकानावरची ती खोली.
खाली हमाल पोती आदळायचे,
वर आपला कीबोर्ड इंचभर सरकायचा.
भाडं अडीच हजार
आणि मालकाचा जीएसटी फुकट भरून द्यायचा.
'मापाडी' हे नाव तूच ठेवलंस.

पहिलं गिऱ्हाईक उदगीरचे तय्यबशेठ.
दाळमिलच्या भुकटीत पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणाले,
मुनीम चुकला तर मुनिमाला बोलता येतं,
तुमचं मशीन चुकलं तर बोलायचं कुणाला?
मला, म्हणाले मी.
त्यांनी बेचाळीसशे रुपये मोजले.
परतीच्या एसटीत बघितलं, दोन नोटा फाटक्या.
अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

मग तो भला माणूस वीस टक्क्यांवर आला.
तू खुशीत, मी मनात क्विंटल मांडलेला:
शंभर किलोमागं वीस किलो कडता?
एवढा कडता धरला
तर यार्डात दगड पडतील.
तू म्हणालास, हा माल वेगळा आहे, राजू.
मी म्हणाले, हवा बघितलीस का मालाची?
ओलं सोयाबीन काट्यावर जडच भरतं.

तू हसला नाहीस.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.
तू रात्रीच्या बंगळूरच्या गाडीत बसलास,
मांडीवर लॅपटॉप, पिशवीत आईनं दिलेली शेंगाची चटणी.
खुर्ची राहू दे, म्हणालास.
जणू खुर्चीसाठीच अडलं होतं.

खोटं कशाला बोलू,
तुझी बातमी आली त्या रात्री तीनदा वाचली मी.
आकड्यातली शून्यं बोटानं मोजली.
दुसऱ्या दिवशी एका आडत्याच्या पोरानं विचारलं,
ताई, ते तुमच्यासंगं होते ना?
होते, म्हणाले, आणि प्रिंटरचा कागद बदलला.

फोन उचलणारी शाहीन तुझ्याकडंच आली, तिप्पट पगारावर.
पेढे मीच आणले.
नंतर आठ दिवस प्रत्येक फोनवर
शाहीन कुठाय, हे आधी,
मग बिघाड.

गेल्या वर्षी तीनशे चार दुकानं होती, यंदा तीनशे अकरा.
सात वाढली.
हे कुठल्याच पडद्यावर सांगण्यासारखं नाही.
सात तारखेला दोघांचे पगार होतात,
दहाला माझा, कधी पंधराला.
दसऱ्याच्या आवकेनंतर थकलेले पैसे येतात,
काही आडते चेकसोबत तुरीची दाळही पाठवतात.
घरात सध्या चार प्रकारची दाळ आहे.

परवा रात्री साडेनऊला औशाहून फोन.
ताई, काटा झालाय, पट्टी निघंना झालीय,
माणूस ट्रॅक्टर चालू ठेवून थांबायलाय.
फोनमधून इंजिनाची धडधड ऐकू येत होती.
डिझेल त्याचं जळत होतं.
तेव्हा मला त्या भल्या माणसाचा प्रश्न आठवला,
आणि पहिल्यांदाच नीट समजला.

सापडलं सव्वादहाला.
अर्ध्या किलोच्या आतला कडता कुणाकडं धरायचा,
आडत्याकडं की शेतकऱ्याकडं,
त्याची एक ओळ.
तू शेतकऱ्याकडं धरलेली,
आणि त्याच्यावर तुझीच टीप, सहा वर्षांपूर्वीची:
राजू, हे सध्या असंच चालू दे, पैसे आले की नीट करू.

खालचं नीट केलं.
पट्टी निघाली, ट्रॅक्टर गेला.
टीप खोडायला बोट ठेवलं होतं.

राहू दिली.