चंद्रबिंदूचे पैसे नाहीत

अक्षराला चाळीस रुपये.
काना, मात्रा, वेलांटी त्यातच धरून.
चंद्रबिंदूचे पैसे मी घेत नाही,
तो माझा शौक आहे :
बारीक ब्रश, श्वास रोखून एक कोर,
आणि तिच्या कुशीत थेंब.

रूपावासचा गढ आता हॉटेल आहे.
मागच्या चौकात मात्र घरचेच राहतात.
त्यांच्या दारांवर गेल्या पौषात मीच लिहिलं होतं,
हिरव्यावर सोनेरी.
ठाकुर जोरावर सिंह : वय शहाण्णव, कान गेलेले.
त्यांचा मुलगा कुँवर. अडुसष्टाव्या वर्षी,
गुडघ्याला पट्टा बांधून, कुँवर.
त्याचा मुलगा भँवर, तो बुकिंग बघतो.
आणि त्याचा, तिसरीतला,
समोरचे दोन दात पडलेला : तँवर.

आमच्या मारवाडात अशीच रीत.
माणूस कोण, ते ठरतं
त्याच्या डोक्यावर अजून कोण जिवंत आहे त्यावरून.

परवा पहाटे नगारा वाजला नाही.
नगारची केव्हाच जोधपूरला वेटर झालाय.
मॅनेजरचा फोन आला :
"मोडारामजी, बाराव्याला पगडी आहे.
पाट्या त्याआधी."

मी शिडी लावली,
पोराच्या दारापासून सुरुवात केली.
त पुसला, भ काढला. संपलं.
मग त्याच्या बापाचं दार : भ पुसला, कु काढला.
मागचे व आणि र जागचे हललेसुद्धा नाहीत,
आणि चंद्र होता तिथंच.
एक म्हातारा गेला की
एवढं मोठं घराणं
एकेका अक्षरानं पुढं सरकतं.

पोरगा खाली उभा राहून बघत होता.
"म्हणजे मी आता भोवरा?"
हो, म्हटलं, पाण्यातला.
तो दोन गिरक्या घेऊन पळाला.

तिसऱ्या दारी सगळंच खरवडावं लागलं.
ठाकुर. ह्या शब्दात चंद्र नाही.
ते मागे वेताच्या खुर्चीत बसलेले,
नवं डोकं केलेलं, त्यावर ऊन.
म्हणाले, "अडुसष्ट वर्षांची सवय आहे रे.
जरा हळू घास."

जनान्यात शिडी धरायला कोणी आलं नाही.
ठकुराइन पुसायचं, माजी सा लिहायचं.
लिहिताना उस्ताद बशीर आठवले :
ज च्या खाली नुक्ता पडला की माज़ी,
म्हणजे होऊन गेलेलं.
आणि ब्रश भरलेला होता,
थेंब नेमका तिथंच ओघळला.
आत कुणीतरी चमचा बशीत ठेवला.
मी अंगठ्यानं पुसलं, घाईघाईनं,
चोरी लपवावी तसं.
अंगठा दोन दिवस सोनेरी होता.

मॅनेजरनं बोटं मोडून हिशोब केला :
भ एक, कु एक,
ठाकुरचे तीन, माजी साचे तीन.
आठ अक्षरं, तीनशे वीस.
"आणि पुसण्याचे?"
"पुसण्याचे आम्ही देत नाही."

आमच्या दुकानावर बापाच्या हातची पाटी आहे :
हजारी पेंटर और पुत्र.
हजारी जाऊन अकरा वर्षं झाली.
मी अजून और पुत्र.
टर्पेंटाइनचा डबा खाली ठेवत मुलगा म्हणाला,
"बापू, आपली कधी सरकवायची?"
बघू, म्हटलं, दिवाळीला.
तो पाटीखाली जाऊन उभा राहिला,
उन्हाला हात आडवा धरून,
ओठांतल्या ओठांत मोजत.
मग तिथूनच ओरडला :
"त्र एक धरायचा की दोन?"