कलम सात

मसुद्याची सहा कलमं सुरळीत उतरली:
तळ्याची नोंदणी, पाण्याची तपासणी दर तिमाही,
नदीतले शिंपले उपसायला बंदी,
परवाना, शुल्क, दंड.
सातव्यावर पेन अडलं.
‘गुंतवणूकदारास द्यावयाची माहिती.’

साहेब म्हणाले, लोकांना फार घाबरवू नका.
भोपाळला आकडा हवाय, किती कोटी येणार तो.
मी मान हलवली
आणि खात्याची जीप घेऊन हातोदच्या रस्त्याला लागले.

शेततळ्याकाठी पत्र्याची शेड.
पाण्यावर रिकाम्या बाटल्या, बाटल्यांना दोऱ्या,
दोऱ्यांना जाळ्या, जाळ्यांत शिंपले.
सुगनाबाई केवट मांडीवर ओलं फडकं घेऊन
शिंपला किलकिला करतात, नखाएवढा, त्याहून जास्त नाही.
जास्त उघडला की तो परत मिटत नाही.
आत एक मणी सरकवतात, साबुदाण्याएवढा.
त्या माळवीत बोलतात, मी मनात मराठी करून घेते:
“आपलं काम एवढंच. पुढचं दुखणं त्याचं.”

भिंतीवर खडूच्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या.
मला वाटलं, मोत्यांचा हिशेब.
“मेलेल्यांचा,” त्या म्हणाल्या.
रोज सकाळी जाळी हलवायची,
जो तोंड वासून पडलाय तो काढायचा.
राहिला तर शेजाऱ्यालाही घेऊन जातो.
कार्तिकात हजार सोडले होते.
मी रेघा मोजल्या. चारशे बारा.
मग पुन्हा मोजल्या, कारण मला सवय आहे.

“आणि उरलेल्यांत?”
त्यांनी डबी उघडली. एक जवळजवळ गोल.
बाकीचे दाढेसारखे, वाटाण्यासारखे,
एक तर हुबेहूब तुटलेली खुंटी.
“पण पाणी आहे हां,” त्या म्हणाल्या,
खुंटी उन्हात धरून.
होतं. खरंच पाणी होतं.

संध्याकाळी रामबागेत मोघेकाका फाटकातच उभे.
बँकेतून निवृत्त, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहिलेला माणूस,
हातात चकचकीत पत्रक:
अठरा महिन्यांत पाचपट, माल आम्हीच उचलू, जोखीम शून्य.
“तू त्याच खात्यात ना गं? मग खरंच असेल.”
पत्रकात मेलेला एकही शिंपला नव्हता.
माझी आई म्हणायची, स्वातीचा थेंब पडला की मोती होतो.
निदान ती त्याचे कुणाकडून आगाऊ पैसे घेत नव्हती.

विजयनगरच्या हॉटेलात साठ खुर्च्या, साठही भरलेल्या.
पत्रकवाल्या कंपनीचे जायसवाल पहिल्या रांगेत, हसरे.
मी कलम सात वाचलं:
दर हजारी किती मेले, कोणत्या महिन्यात,
हे तळ्यावर ठळक लिहावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं,
आणि सहा महिने तसं लिहिल्याशिवाय
कुणाकडून एक रुपया घेऊ नये.

खुर्च्या सरकण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.
जायसवाल फोन कानाला लावून गेले,
फोन वाजला नव्हता.
उरले अकरा.
त्यांतली सांवेरची शाहीन मन्सूरी वही काढून म्हणाली,
“सगळ्यात जास्त कधी मरतात?”
ज्येष्ठात, मी म्हटलं, पाणी तापतं.
“मग जाळ्या खोल सोडल्या तर? दोरी किती लांब लागेल?”
कुणीतरी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.
मोघेकाका मागच्या रांगेत.
सदऱ्याचा खिसा चाचपत मला लांबूनच म्हणाले,
“दिला नाही अजून. इथेच आहे चेक.”

साहेब म्हणाले, अकरा?
मी भोपाळला अकरा सांगू?
मी म्हटलं, दोरीची लांबी विचारणारे अकरा.
ते खिडकीबाहेर बघत राहिले.

सोमवारी मसुदा टाईप होऊन आला.
सातव्या कलमात ‘मेलेले शिंपले’ कापून
कुणीतरी सभ्यपणे लिहिलं होतं, ‘अनुत्पादक एकके’.
मी लाल पेन घेतलं,
ते खोडलं,
वर लिहिलं, मेलेले.
अक्षर जरा वेडंवाकडं आलं. तसंच ठेवलं.