माणसं किती

चर्चच्या तळघरात उतरायला अकरा पायऱ्या.
नवव्या पायरीवर थांबून मी बुटाची नाडी बांधली,
सुटली नव्हती तरी.

सकाळभर फोन केले होते.
पहिल्या नंबरावरची बाई म्हणाली, इथे फक्त आया आणि तान्ही बाळं.
बाप असेल तर?
तिला खरंच वाईट वाटलं असावं,
दोनदा नावाचं स्पेलिंग विचारलं,
डेमेट्रिअस, आणि लिहून घेतलं कशावर तरी.
दुसऱ्या नंबरावर पियानो.
फोनमध्ये उरलेल्या मिनिटांतली नऊ त्याने खाल्ली.
तिसऱ्यावर एक म्हातारा, खोकत:
बुधवारी चारला, मागच्या दाराने,
आणि पिशवी आपापली आणा.

पिशवी आणली. इमानीची, पोहायला न्यायची,
वर एक हसणारा डॉल्फिन.
सरोवरावरून वारा असा येत होता
की डॉल्फिन रांगेत सारखा उड्या मारत होता
आणि सगळे समोरच्याच्या मानेकडे बघत होते.

टेबलाशी मिस अर्लीन. बोटाला पट्टी, चष्म्याला दोरी.
फॉर्मवर आडवी रेघ:
घरात माणसं किती?

एक लिहिलं. खोडलं.
तीन लिहिलं, तेही खोडलं.
कोर्टाच्या कागदात मुलं आईच्या पत्त्यावर,
फूड स्टॅम्प तिच्याच पत्त्यावर,
त्यात चूक काही नाही, तिलाही कुठे पुरतात.
माझ्याकडे ती बुधवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ.
अडीच दिवसांची दोन मुलं.
भागाकार मला शाळेतही जमला नव्हता.
क्विन्सीची भूक कुठल्या रकान्यात मांडू,
जो आता ताटाकडे नाही, माझ्याकडे बघत जेवतो,
आणि मी म्हणतो, कारखान्यात जेवून आलो रे.
कारखाना ऑगस्टमध्येच सुटला.

मिस अर्लीनने मान वर केली नाही.
आज रात्री जेवायला किती?
तीन.
मग झालं.
माझ्याच हातातलं पेन घेऊन
तिने माझ्या खाडाखोडीवर ३ गिरवला,
पाटीवर पोराचं अक्षर गिरवून द्यावं तसा.

घेवड्याचे डबे, पीनट बटर, शेवया, संत्री चार.
दूध माझ्या पुढच्या माणसापर्यंत पुरलं.
सोमवारी बघ, म्हणाली.
दार ढकलताना डॉल्फिन फुगून अगदी लठ्ठ झाला होता.

बसमध्ये इमानीने संत्री मांडीवर मोजली.
चार कशी? आपण तर तीनच.
क्विन्सीने एकेक दाबून बघितलं,
सगळ्यांत घट्ट होतं ते बाजूला काढलं,
माझ्या कोटाच्या खिशात कोंबलं.
हे रविवारी खा, म्हणाला,
आम्ही नसतो ना तेव्हा.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.
बाहेर काही नव्हतं,
काचेत आम्हीच होतो.