अस्वलाच्या आधी

कोराडीहून तुझी शिफ्ट सुटते दहाला.
मी आठपासून स्वयंपाकघरात,
गोकुळपेठेतून आणलेल्या तीन पिशव्या उघडून
फुलांनाच विचारत : आता काय करू तुमचं?

आपल्या लग्नात हार नव्हते. म्हणजे होते,
पण सिव्हिल लाइन्सला उतरताना
ऑटोच्या मागच्या सीटवर राहून गेले.
साहेब म्हणाले, सह्या करा जी,
हारांचं कायद्यात काही नाही.
केसांत माळशील तर शिंका येतात तुला.
म्हणून बाराव्या वर्षी ठरवलं,
फुलं पानात वाढायची.

कोहळ्याची फुलं नर तेवढीच,
लांब देठाची, भाजीवालीनं बजावलं होतं.
मादीले कोहळं धरते, तिले सोडून द्या.
एकेकाचा केसर खुडला,
बेसनात ओवा, तिखट,
तेलात सोडलं तसं एक फूल मिटलं,
एक उघडंच राहिलं, हात पसरून.

शेवग्याची फुलं उकळून पिळली.
कडूपणा गेला, थोडा राहू दिला.
लसूण, लाल मिरची, वरून बेसन भुरभुरवलं,
तळाला लागलेली खरवड
तीही ठेवली तुझ्यासाठी.

मोहाचं मात्र काही कळेना.
ओली, फिकट, गुबगुबीत फुलं,
वासानं अर्धं घर झिंगलेलं.
गूळ घातला, तीळ भाजून घातले, तूप सोडलं.
ताटाशेजारी मेणबत्ती,
तिच्यासाठी पंखा बंद,
आणि मार्चमधलं नागपूर.

तू आलीस. हेल्मेट काढलंस, दारातच थांबलीस.
"मोह आणला काय रे?"

वाटी उचललीस, खाल्लं नाहीस.
पिशवीतलं एक कच्चं फूल बोटांत दाबून पाहिलंस,
शंभराची नोट उजेडात धरावी तसं.
"काय भाव दिला?"
सांगितला.
तू हसलीस. ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं.

मग सालेकशाच्या पलीकडचं रान बोललीस.
पहाटे चारला आत्याबरोबर, टोपलं घेऊन.
झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशी जाळलेला,
काळ्या भुईवर पिवळं पिवळं,
वेचून वेचून कंबर जायची.
अस्वलाच्या आधी पोचायचं असायचं.
एकदा नाही पोचलो, म्हणालीस,
आणि पुढचं सांगितलं नाहीस.
त्या पैशांत तुझा कंपास आला, सहावीतला.
बोटं वर्गातही चिकट,
पान उलटलं की वहीच उचलून यायची.

हजेरीपटावर तुझं नाव पुष्पकला.
मी बारा वर्षं नुसतं कला म्हणतो,
फूल मला जुनाट वाटायचं.

"आतला जिरा काढला नाहीस," म्हणालीस,
आणि युनिफॉर्मवरच खाली बसलीस,
शिजलेल्या फुलांतून एकेक धागा ओढत.
मी समोर बसलो. मलाही जमेना.
भजी गार झाली.

पहिलं निवडलेलं फूल
ताटाच्या कडेला वेगळं ठेवलंस.
कुणाला?
अस्वलाला, म्हणालीस.
आणि आधी पंखा लाव.