स्मरणिकेसाठी दोनशे शब्द

तळावलीकरांच्या धाकट्याचा फोन आला:
वसाहतीला पंचेचाळीस वर्षं होतायत, ताई,
स्मरणिका काढतोय, आठवण पाठवा,
दोनशे शब्द, शक्यतो गोड.
आणि एखादा फोटो, असला तर.

गोड म्हणजे काय ते मला कळतं.
दारं सताड उघडी असायची, असं लिहायचं.
असायचीच. ठेकेदाराने ओलं लाकूड वापरलेलं,
पहिल्याच जूनमध्ये चौकटी फुगल्या
आणि सत्तावीस घरांची दारं लागेनाशी झाली.
आई रात्री दाराला पिठाचा डबा लावायची,
वर पितळी ताट, चोर आला तर वाजावं म्हणून.
मांजर यायचं. वाजायचं.

सकाळी पोदेर यायचा भोंगा वाजवत, असं लिहायचं.
तो खाली गावात यायचा.
पर्वरीचा चढ सायकल ढकलत चढून
आमच्यापर्यंत यायची त्याला काय गरज?
आम्ही पणजीहून आणलेला कापलेला ब्रेड खायचो,
तिसऱ्या दिवशी कडांना हिरवा.
भोंगा मात्र ऐकू यायचा, वारा असेल तसा.

एकमेकांना धरून होतो, असंही.
टँकर मंगळवारी आणि शनिवारी.
आई आणि इस्मेनियाबाय एका बादलीवरून भांडल्या
त्या अडीच वर्षं बोलल्या नाहीत.
अडीच वर्षं तिच्या बहारीनच्या फ्रिजमधला बर्फ
माझ्या हातून आमच्याकडे येत राहिला,
आमच्या पातोळ्या तिच्याकडे,
आणि दोन्हीकडे मला विचारलं जायचं,
काही म्हणाली का गो?
मी दोन्हीकडे सांगायचे, नाही.
दोन्हीकडे खोटं.

मग शहाऐंशीच्या पावसात मांडवीवरचा पूल पडला.
त्यावर तळावलीकर स्वतः लिहिणार आहेत,
संकटात वसाहत कशी एक झाली ते.
मला आठवतात बाबांच्या चपला, हातात,
गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट,
बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची रांग
आणि धक्क्यापासून वीस पावलांवर गास्पारचं तावेर्न.
रोज एक फेरी चुकायची. मग दोन.
पुढे नवा पूल झाला, फीत कापली, बसेस धावू लागल्या,
बाबांची फेरी चुकतच राहिली.
पूल आहे आता, असं आई कधी म्हणाली नाही.
दारावरचं पितळी ताट तिला
त्यांचं जेवण झाकायला लागायचं.

आणि हे तर पहिल्याच पानावर येणार:
आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं. नुसता माळ.
त्या काहीच नव्हत्यात काजूची झाडं होती.
मार्च लागला की शेवंती यायची, डोक्यावर टोपली,
कुंपण घातलं तरी यायची.
तारेला एक फट होती,
ती आपल्यासाठी ठेवलीय असं तिला वाटायचं.
बोंडू पिळून बिया वेगळ्या करायची, आमच्या पायरीवर बसून,
एक बोंडू मला द्यायची, घसा धरायचा.
बाबा तिला म्हणाले, हे आता सरकारने आम्हाला दिलंय.
घरात जाऊन हप्त्यांचं पुस्तक आणलं, दाखवलं.
तिला वाचता येत नव्हतं.
तिने ते उलट धरलं, सुलट धरलं, परत दिलं.
बाबा त्या दिवशी प्यायलेले नव्हते.
हे मुद्दाम सांगते.

फोटो सापडला नाही. पुस्तक सापडलं,
वरच्या पुठ्ठ्यावर अंगठ्याएवढा काजूचा डाग.
दोनशे शब्दांत मी दारं बसवली, पोदेर चढावर आणला,
बादलीचं वगळलं, बर्फाचं ठेवलं.
शेवटी एकच ओळ:
मार्चमध्ये शेवंती नावाची बाई यायची.

धाकट्याचा उलट फोन. ताई, आडनाव काय तिचं?
म्हटलं, कुणी विचारलं नव्हतं.
मग काढू या का ती ओळ? जागा कमी पडतेय,
शेवटच्या क्षणी पानभर जाहिरात आलीय,
पलीकडच्या डोंगरावर फ्लॅट होतायत, झकास.
तिथे? मी विचारलं. तिथे काय होतं आधी?
काहीच नाही हो, तो म्हणाला.
नुसता माळ.