काटकोन

लादीतला शेवटचा पाव
शुक्रवारी डब्यात राहून गेला,
सोमवारी त्याला दाढी आलेली.
सासूबाई म्हणाल्या, तेवढं खरवडून टाक,
बाकीचा तव्यावर भाजून घे.
त्यांना काय सांगू,
वर दिसतो तो नुसता मोहोर,
पावाच्या पोटात ती केव्हाची पसरलीय.

परळला, पालिकेच्या हॉस्पिटलात,
सव्वीस वर्षं मी हिलाच वाढवते.
बशीत बटाट्याचं पाणी, साखर, अगर;
तिसऱ्या दिवशी कापूस झाकणाला टेकतो.
आमच्यात तिला झाकण-उचली म्हणतात.
नवी पोरं आली की सांगायचे, घाबरू नका,
ही सगळीकडे असते,
कुंडीत, पोपडे आलेल्या भिंतीत,
क्रॉफर्ड मार्केटामागच्या नासक्या आंब्यांत,
आत्ता हा श्वास घेतलात ना, त्यातही.
रोज ओढतो आपण आत
आणि काही होत नाही.

असं सांगायचे.
मग त्या मे महिन्यात
एका दिवशी अठरा नमुने, दुसऱ्या दिवशी एकतीस.
नाकातून खरवडलेले, टाळूतून, डोळ्याच्या खोबणीतून.
आधीच्या आजाराने पिळून काढलेली माणसं,
स्टेरॉइडवर तगलेली, साखर चारशेच्या वर.
पाव कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
सगळे तिला काळी म्हणत होते.
अहो, काळी ती नव्हे.
ती रक्तवाहिनीत शिरते, वाट बुजवते,
काळं पडतं ते आपलं मांस.
किती जणांना सांगितलं मी हे,
नणंदेला, टॅक्सीवाल्याला, फोनवर कुणाकुणाला,
जशी काही तिची वकील.

नमुना क्रमांक दोनशे चौदा.
जनार्दन लोटलीकर, वय त्रेपन्न, पेंटर.
भिंतींचा नव्हे, अक्षरांचा.
स्लाइडवर रुंद, बिनपेराचे तंतू,
काटकोनात फुटलेल्या फांद्या.
अकरा चाळीसला मी रिपोर्टवर सही केली.
दोन वाजता त्याचा डावा डोळा काढला.

दिवाळी उलटल्यावर तो लॅबच्या दारात आला,
गॉगल लावून, काखेत फाइल.
म्हणाला, बघायचीय मला ती.
नियमात बसत नाही, म्हटलं.
उभाच राहिला.
शेवटी कपाटातला जुना मायक्रोस्कोप काढला,
पितळी, एकाच नळीचा,
कुणी हात लावत नाही त्याला आता.
पुसला. आरसा खिडकीकडे वळवला.

खूप वेळ बघत होता.
मला वाटलं, रडेल, किंवा शिवी हासडेल.
म्हणाला, हात सुटलेलाय हिचा.
मग परत वाकून,
काटकोन बघा बाई, पट्टी न लावता मारलाय.
आणि हा निळा कुठला?
कॉटन ब्लू, म्हटलं. रंग आम्ही देतो, तिला स्वतःचा नसतो.
त्याने फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

जाताना दारावरच्या पाटीपाशी थबकला.
सूक्ष्मजीवशास्त्र विभाग.
त्यातला क्ष्म कधीचा उडालाय,
वर्षानुवर्षं नुसतं सू जीवशास्त्र.
कुणाला खटकलं नव्हतं, मलाही नाही.

शनिवारी ब्रश आणि डबी घेऊन आला,
पैशांचं नाव काढू नका म्हणाला.
स्टुलावर चढला, ब्रश पुढे नेला
आणि टेकवला
पाटीच्या बोटभर अलीकडे, हवेत.
थांबला.
अंतर गेलं ना डोळ्याबरोबर, म्हणाला, माझ्याकडे न बघता.
पुन्हा नेला. पुन्हा हवेत.
स्टूल धरून मी खाली उभी,
त्या बोटभर हवेत काय काय तरंगतं
ते ठाऊक असलेली.
तिसऱ्यांदा त्याने आधी करंगळी पत्र्याला लावली,
तिच्या आधाराने ब्रश सरकवत आणला.

क्ष्म उतरला,
जरासा कललेला, निळा.
बाकीची अक्षरं काळी.